शेवंतीच्या वाट्याचं कढण

ज्याच्या घरात आज मुदतीचा ताप येऊन बसलाय, त्याच्यासाठी हे लिहून राह्यले. मी वैद्य न्हाई, डॉक्टर न्हाई. जालन्याच्या टांगेवाल्याची बायको, चौथीपर्यंत शिकलेली, तोंडाची जरा तिखट. पण त्या तापाच्या दारातून मी माघारी आलेली आहे, अन् कशावर आले ते मला माहीत आहे. पाण्यावर. वाटीभर पातळ, गाळलेल्या पाण्यावर. आजही कढण वाटीत ओतलं अन् वाफ तोंडावर आली की मी घडीभर गप बसते. मला गप बसवणं सोपं काम न्हाई, आमच्या गल्लीत कुणालाबी विचारा.

ताप

तेव्हा निजामाचं राज्य होतं अन् दूर कुठंतरी लढाई चालू होती. लढाई आमी पाह्यली न्हाई, पण बाजारात दाणा मिळंना झाला तेवढी ती आमाला कळली. मालक टांगा चालवायचे, टेसनावरून गावात अन् गावातून टेसनावर. मालक म्हणजे माझा नवरा. त्यांचं नाव घ्यायला मला उखाणा लागतो, अन् आता इथं उखाणा कुठून आणू?

घोडीचं नाव शेवंती. पिवळसर पांढरी, गळ्यात घुंगरांची माळ. ती माझ्याआधी घरात आल्ती अन् तो मान तिनं कधी सोडला न्हाई. मी टांग्यात चढले की मान वळवून बघायची, ही काहून आली म्हणून. मीबी तिला सवतच म्हणायची. मालक म्हणायचे, "दोघीबी सारख्याच. चाबूक दाखवला की जास्तच अडता."

गणपती बोळवले अन् मला ताप भरला. दोन दिवस तसंच काम रेटलं. तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता डोळ्यापुढं अंधारी आली अन् हात तव्यावर पडला. मंग काढे झाले, अंगारा झाला, ताप काही हटंना. सातव्या दिवशी मालकांनी मला टांग्यात निजवलं. जायच्या आधी त्यांनी शेवंतीची घुंगरं सोडून ठेवली. माझं डोकं फुटायला आल्तं, आवाज सोसत न्हव्हता, ते मी बोलले बी न्हव्हते. माणसाला कळलं कसं, याचं मला तापातबी नवल वाटलं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी जीभ बघितली, पोट दाबलं. माझ्याशी बोलल्या न्हाईत, मालकांशी बोलल्या. मी मेल्यासारखी पडल्ते पण कान जित्ते होते.

"मुदतीचा ताप आहे. आतड्याला आतून जखमा झाल्यात. तीन आठवडे, कदाचित जास्तच. घट्ट अन्नाचा एक कण जरी पोटात गेला तर आतडं फाटेल, मग माझ्या हातात काही राहणार नाही. फक्त पातळ द्यायचं, गाळून."

"अन् औषध, बाई?"

"यावर औषध नाही. पातळ पाजायचं, अंग पुसायचं आणि वाट बघायची."

एवढा मोठा दवाखाना, पांढऱ्या भिंती, काचेच्या बाटल्या, अन् शेवटी औषध काय तर पातळ पाजा! मला हसू आलं होतं, खरं सांगते. हसायला ताकद न्हव्हती म्हणून राहिलं.

माझी आई मंठ्याहून आल्ती. माझी लेक आठ महिन्यांची, अंगावर पिणारी. तिला तापाच्या बाईजवळ ठेवायचं न्हाई असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं. आई तिला घेऊन मंठ्याला गेली. जाताना लेकरू माझ्याकडं हात करून रडत होतं अन् मी भिंतीकडं तोंड केलं. सासू मला न्हव्हती, नणंद न्हव्हती. राहिले कोण, तर मालक अन् त्यांची घोडी.

बाहेरच्या चुली

त्या दवाखान्यात रोग्याचं खाणं घरच्यांनीच करायचं अशी रीत होती. मागल्या बाजूला मोठं आवार, लिंबाची झाडं, अन् झाडाखाली तीन-तीन दगडांच्या चुली. सकाळी नर्सबाई येऊन काखेत काचेची नळी लावायच्या, ओल्या फडक्यानं अंग पुसायच्या, उशाच्या पाटीवर काहीतरी लिहून जायच्या. मंग उन्हं वर आली की बाहेर चुली पेटायच्या. अन् खिडकीतून वास आत यायला लागायचे.

मी उठू शकत न्हव्हते, पण नाकानं सगळ्या चुली हिंडून यायची. माझ्या डाव्या खाटेवर खैरूनबीची सून होती, बाळंतपणात अंगातलं रक्त गेलेली. खैरूनबी तिच्यासाठी यखनी करायची. बकऱ्याची हाडं मंद आचेवर सकाळपासून चढवलेली, त्यात आलं, दोन लवंगा, मिरे. वरची चरबी काढून टाकायची अन् फडक्यातून गाळायची. "हड्डी की ताकत हड्डी में जाती, बेटी," ती म्हणायची. अन् चार दिवसांत त्या सुनेच्या पांढऱ्याफटक ओठांवर रंग चढलेला मी माझ्या डोळ्यांनी पाह्यला. रेल्वेतल्या तेलंगी गार्डाची बायको तिच्या सासूसाठी चारू करायची. चिंचेचं पातळ पाणी, ठेचलेले मिरे, कढीलिंब, वरून मोहरीची चरचरीत फोडणी. त्या वासानं सगळ्या खोलीतल्या बाया खाटेवर उठून बसायच्या. मेलेली भूक जागी करायची ती चारू. एक मारवाडी म्हातारी ताकात बाजरीचं पीठ शिजवून राब करायची, पोट थंड राहतं म्हणून. कुणी पेज, कुणी अजून काय.

मी पडल्या पडल्या नवल करायची. जन्मभर आमी बाया भाकरीचीच काळजी केली. कालवण म्हणजे भाकरी गिळायला लागतं ते, एवढीच त्याची किंमत. अन् इथं दहा मुलखांच्या बाया, दहा देवांचं नाव घेऊन, दहा चुलींवर नुसतं पाणीच तर उकळत होत्या. पाण्याला जीव आणत होत्या.

पण माझ्या पोटात काही ठरंना. दूध दिलं, उलटलं. सातूचं पाणी दिलं, उलटलं. अन् मालकांचं मुगाचं कढण तर तोंडातच धरवंना.

आता त्या माणसानं जन्मात चूल फुंकली न्हव्हती. बायांच्या रांगेत बसायची लाज वाटली म्हणून त्यांनी आवाराच्या बाहेर, टांगा सोडायचा तिथं बाभळीखाली चूल मांडली. तिथंच शेवंतीचे हुलगे, म्हणजे कुळीथ, शिजायचे अन् तिथंच माझे मूग. शेवंतीचे हुलगे त्यांना बराबर जमायचे, बारा वर्षांचा हात. माझे मूग मात्र रोज जळायचे. एक डोळा गाडीच्या टायमावर, एक घोडीवर, मंग मुगावर कोणता ठेवणार? जळक्या मुगाचं काळं पाणी घेऊन ते खिडकीशी यायचे. बायांच्या खोलीत गड्यांना यायची मनाई होती, म्हणून वाटी गजातून आत द्यायचे अन् खैरूनबी मला पाजायची. बाहेरच्या बाया पदर तोंडाला लावून हसायच्या.

"कसंय?" ते विचारायचे.

"राख कालवल्यासारखं," मी म्हणायची. तेवढं बोलायला मात्र ताकद यायची.

पहिली वाटी

दवाखान्यात सात दिवस झाले अन् मी नुसती कातडी उरले. केस झुबक्यानं हातात यायचे. दुपारी वात व्हायचा, मी मंठ्याच्या घरातल्या माणसांशी बोलत बसायची. त्या सकाळी डॉक्टरीणबाईंनी नाडी धरली, बराच वेळ धरली, अन् खिडकीशी जाऊन मालकांना म्हणाल्या, "आज-उद्यात पोटात काही ठरलं नाही, तर लेकीला एकदा आणून दाखवा."

मला कळलं. मला मरणाची भीती वाटली. मरण म्हणजे काय ते तेव्हा डोक्यात आलं न्हाई. लेकरू माझ्याकडं हात करून रडत होतं अन् मी भिंतीकडं तोंड केलं होतं, तेवढंच आलं. तेच तिचं माझं शेवटचं बघणं होतं की काय!

दुपारी खिडकीतून वाटी आली. मालकांचा चेहरा मला दिसला न्हाई, नुसता हात दिसला. खैरूनबीनं वाटी घेतली, नाकाशी धरली. मंग गजापाशी तोंड नेऊन हळूच म्हणाली, "क्यों रे भाई, ये मूंग नै है."

"चुप बस, अम्मा," मालक म्हणाले. "पाज तिला. जल्दी."

खैरूनबीनं आपल्या डबीतून चिमूटभर सुंठ काढली, जिऱ्याची पूड काढली, वाटीत टाकली अन् माझ्या डोक्याखाली हात घातला. "बिस्मिल्ला बोलके पिलाती हूं, तू तेरे देव का नाम ले."

मी ते बोलणं ऐकलं, पण तापात कशाला काय अर्थ होता? विटकरी रंगाचं पातळ पाणी होतं. जिभेची चव कधीच गेल्ती. तरी थोडं खारट लागलं, थोडं धुराचं, अन् मागून सुंठीचा चटका. एक घोट गेला. मी आढ्याचे वासे मोजायला लागले, कारण रोज नवव्या-दहाव्या वाशापर्यंत सगळं उलटून यायचं. दहा झाले. वीस झाले. वासे संपले, मी परत पहिल्यापासून मोजायला लागले. पोटात काहीतरी ऊबदार बसलं होतं. कुणीतरी घरात येऊन बसावं अन् पायातलं काढून ठेवावं, तसं बसलं होतं.

"और दूं?" खैरूनबीनं विचारलं.

मी तोंड उघडलं. सगळी वाटी प्याले. अन् झोपले, त्या तापात पहिल्यांदा खरी झोप झोपले.

जागी झाले तेव्हा उन्हं कलली होती अन् मालक अजून खिडकीशीच उभे होते. "ठरलं?" त्यांनी विचारलं. "ठरलं," मी म्हणले. ते तिथंच खाली बसले, मला मुंडाशाचं टोक तेवढं दिसत राहिलं.

भाकरी

त्या दिवसापासून रोज तीन वाट्या. पाच-सहा दिवसांत ताप एक एक पायरी उतरायला लागला. नर्सबाई पाटीवर लिहिताना हसायला लागल्या. डॉक्टरीणबाईंनी मालकांना विचारलं, "काय देता?" ते म्हणाले, "मुगाचंच, बाई." त्या म्हणाल्या, "हेच चालू ठेवा."

पण ताप उतरला अन् दुसरी परीक्षा आली. भूक. अशी भूक देवानं वैऱ्यालाबी देऊ नये. मला भाकरीचीच सपनं पडायला लागली. मी मालकांना शिव्या दिल्या, हात जोडले, खोटं रडले. "चतकोर द्या. पापुद्रा द्या. तुमाला मी नकोच झाले, दुसरी करायची असंल." ते गजाला धरून उभे राहायचे अन् मान हलवायचे. न्हाई म्हणजे न्हाई.

माझ्या उजव्या खाटेवर भोकरदनकडची एक बाई होती, हाच ताप, माझ्याच वयाची. तिचा ताप उतरला तशी तिच्या सासूनं मायेनं दुधात भाकरी कुस्करून पदराआड चारली. म्हातारीचं काय चुकलं? अन्नाविना माणूस जगत न्हाई, हे तिला तिच्या आईनं शिकवलेलं. ती बाई खाताना मी बघितलं अन् माझ्या तोंडाला पाणी सुटलं, मला तिचा हेवा वाटला. तिसऱ्या दिवशी ती खाट रिकामी होती. म्हातारी आवारात बसून ऊर बडवत होती, "म्या चारलं वं, म्या माझ्या हातानं चारलं."

त्यानंतर मी भाकरी मागितली न्हाई. हे वाचणाऱ्यांनो, हात जोडून सांगते. तापातून उठलेलं माणूस मागंल, रडंल, तुमाला दुष्ट म्हणंल. म्हणू द्या. माझा जीव कढणानं वाचवला, तेवढाच त्या गजाला धरून हललेल्या मानेनं वाचवला.

घरी

दवाखान्यात पंचवीस दिवस झाले अन् मला सोडलं. मऊ भात खायला मुभा मिळाली. खैरूनबीनं माझ्या टकुऱ्यावरून हात फिरवला अन् म्हणाली, "जाते वख्त घोडी कू सलाम कर ले, बेटी." मला वाटलं, म्हातारी चेष्टा करती.

टांगा फार हळू चालला. मला वाटलं, माझ्यासाठी चालवून राह्यले. मनात सुखावले, खोटं कशाला बोलू? घरी दारात उतरले तेव्हा पहिल्यांदा नीट शेवंतीकडं बघितलं. तिच्या फासळ्या मोजून घ्याव्या अशा वर आल्त्या. मानेचं मांस गेल्तं. ती हळू चालली न्हव्हती, तिला पळवतच न्हव्हतं.

"हिला काय झालं हो?"

"थकलीय," मालक म्हणाले अन् पाणी आणायला निघून गेले. मालक थापा मारायला लागले की त्यांना पाणी आणायची आठवण होती.

तिच्या पुढच्या पाटीत शिजवलेले हुलगे होते. मी भिंत धरत धरत गेले, चार दाणे उचलले, बोटात दाबले. नुसता चोथा. दाणा जिभेवर ठेवून बघितला अन् थुंकला, मिठाचीबी चव न्हव्हती त्याला. हुलग्याचं सगळं सत्त्व पाण्यात उतरतं, हे टांगेवाल्याच्या बायकोला सांगावं लागत न्हाई. पाणी काढून घेतलं की मागं भुस्सा राहतो. घोडीचं पोट भरंल, पण तिच्या अंगी लागायचं काय? अन् मंग मला ते विटकरी पाणी आठवलं. थोडं खारट, थोडं धुराचं.

मालक बादली घेऊन आले. मी तिथंच उभी होते, हातात चोथा.

"मला घोडीचं पाजलं तुमी?"

त्यांनी बादली खाली ठेवली. "त्या दिवशी मूग पार कोळसा झाल्ते," ते म्हणाले. "डॉक्टरीणबाई तसं म्हणाल्यावर माझे हात चालंनात. हुलगे तेवढे बराबर शिजल्ते. मुंडाशाच्या टोकातून गाळलं अन् आणलं. तुझ्या पोटात ठरलं, मंग बदलायची छाती झाली न्हाई."

"अन् बायांना विचारलं का न्हाई?"

"हुलगे उष्ण असतेत, तापात पाजले तर ताप डोक्यात जातो, असंच सगळ्या म्हणल्या असत्या. त्यांनी पाजू दिलं नसतं. रोज खिडकीशी उभा राहून मी वाट बघायचो, आता ताप चढतो का मंग चढतो."

"जास्तीचे हुलगे आणायचे होते."

"कुठून? दुकानात दाणाच न्हव्हता. तिच्या वाट्याचे होते तेवढेच होते." मंग शेवंतीकडं न बघता म्हणाले, "अर्धं पाणी तिला अन् अर्धं तुला, असं करून बघितलं एक दिवस. तुझं फार पातळ झालं."

मला आधी राग आला. राग येणं माझ्या स्वभावातच हाय. मी म्हणले, "तुमाला लाज न्हाई वाटली, मुक्या जनावराच्या तोंडचं काढून..." अन् बोलता बोलता दिवस मोजले. अठरा दिवस. अठरा दिवस ती टेसनावर टांगा ओढत होती नुसत्या चोथ्यावर, अन् तिच्या अंगातलं बळ गजातून वाटी-वाटीनं माझ्या अंगात येत होतं. जिला मी सवत म्हणायची. मी तिच्या मानेला हात लावला. तिलाच टेकले, अन् ती हलली न्हाई, तशीच माझं ओझं घेऊन उभी राहिली. मी मोठ्यानं रडले. गल्लीतल्या बाया बाहेर आल्या, त्यांना वाटलं, घरात काही वाईट झालं.

एक सांगून ठेवते. हे वाचून कुणी तापाच्या माणसाला हुलगे पाजायला जाऊ नका. ते माझ्या पोटात का ठरलं, दुसरं का न्हाई, ते मला आजबी माहीत न्हाई. कदाचित ताप त्याच्या मुदतीनंच उतरला असंल. डॉक्टरीणबाईंना नंतर जाऊन खरं सांगितलं तर आधी त्या मालकांवर एवढ्या चिडल्या की बस, अन् मंग खुर्चीत बसून किती दिवस, किती वाट्या, ते सगळं लिहून घेतलं. तुमी तुमच्या डॉक्टरला विचारा. पण पातळाला कमी समजू नका, एवढंच.

दुसऱ्या दिवशी आई लेकीला घेऊन आली. लेकरानं मला वळखलं न्हाई, बोडकी बाई कोण म्हणून बघत राहिलं. मंग माझा आवाज ऐकला अन् झेपावलं. तिला मांडीवर घेऊन मी चुलीपुढं बसले, उभं राहवत न्हव्हतं. आजारानंतर पेटवलेली ती माझी पहिली चूल. आई म्हणाली, "काय करतीस? तुझ्यासाठी मी भात टाकते की."

मी रात्रीच भिजवलेले हुलगे चढवले. मंद आचेवर, खैरूनबीच्या यखनीसारखे, घाई न करता. पाणी विटकरी झालं, मंग दाट झालं. मीठ टाकलं. आलं ठेचून टाकलं, कारण मला वाटलं, तिलाबी तिच्या अन्नाची चांगली चव कळू दे. गाळलं. बादलीत ओतलं, निववलं, अन् बादली ओढत ओढत शेवंतीपुढं नेली. तिनं आधी माझ्याकडं बघितलं, नेहमीसारखं, ही काहून आली म्हणून. मंग तोंड खाली घातलं. ती पीत होती तो आवाज ऐकत मी दोन्ही हातांनी बादली धरून बसले. दवाखान्यात मी ती पहिली वाटी संपवली तेव्हा मालकांना खिडकीबाहेर काय ऐकू आलं असंल, ते मला तेव्हा कळलं.

मालक अंगणात येऊन उभे राहिले. रिकाम्या पातेल्याकडं बघितलं, मंग फडक्यातल्या चोथ्याकडं.

"अन् हे?" त्यांनी विचारलं.

"ते तुमचं," मी म्हणले. "पाणी तिचं. आज तुमी चोथा खा, मालक."

आई लाजेनं मेली, जावयाला चोथा दिला म्हणून. पण मालकांनी फडकं उचललं, वर कांदा फोडला अन् शेवंतीच्या शेजारी बसून सगळा चोथा खाल्ला. खाता खाता डोळे पुसत होते, म्हणाले, कांद्यानं. मी दुसरा कांदा पुढं सारला.